हात लावायचा नाही

कॉलेजच्या पत्रात लिहिलं होतं: पाच दिवस, दहा ते पाच,
विद्यार्थिनीने सावलीसारखं सोबत राहावं.
मोगल साहेबांनी पत्र दोनदा वाचलं,
चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,
बस. बघ. हात कशालाच लावायचा नाही.
गळ्यातला पट्टा आधीच्या कुणाचा तरी होता,
‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दाखाली नाव खोडलेलं.
ते खोडलेलं नाव घालून मी पाच दिवस हिंडले.

शाखा भांडी बाजारात, पहिल्या मजल्यावर.
चौदा पायऱ्या. सातवीवर पुंजारामने
कॅशचा जुना पत्र्याचा डबा उलटा घालून ठेवलेला,
पेन्शनवाल्यांना मधे टेकायला.
खालून दिवसभर पितळेचा आवाज येई.

माझी खुर्ची गायधनी मॅडमच्या डाव्या खांद्यामागे.
तिथून माणसांआधी हात दिसायचे,
ग्रीसचे, पिठाचे, मेंदी उतरत आलेले,
एक मोरचुदानं निळा पडलेला, दिंडोरीकडचा,
नखांपर्यंत निळा.
मॅडम ओल्या स्पंजला बोट टेकवायच्या
आणि नोटांची तोंडं एका दिशेला करत जायच्या,
शाळेच्या प्रार्थनेला पोरं उभी करावीत तशी.
मशीन मोजतंच की, मी म्हटलं.
मशीनला आकडा कळतो, त्या म्हणाल्या.
पुढचं बोलायला त्यांना वेळ नव्हता.

तिसऱ्या दिवशी मुकुंद तांबट आले,
हयातीचा दाखला द्यायला.
कारखान्याची पेन्शन, अकराशे तेवीस रुपये.
चाळीस वर्षं हंडे ठोकलेला अंगठा यंत्रावर ठेवला.
लाल.
पुसून ठेवला. लाल.
दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट.
यंत्र म्हणे, जुळत नाही.
आजोबा हसले. रेषा सगळ्या हंड्यांना गेल्या, म्हणाले,
घरोघर हिंडून गोळा करून आणू का?
रांग हसली. मॅडम हसल्या नाहीत.
ओला रुमाल माझ्याकडे सरकवला,
धर गं त्यांचा हात, दोन मिनिटं, दाबून.

मी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं.
मग धरला.
नाण्याची झिजलेली बाजू असते तसा हात,
गुळगुळीत आणि अपेक्षेपेक्षा गरम.
कुठली तू? त्यांनी विचारलं.
सातपूरची.
बरं, म्हणाले, जणू तेही कुठंतरी नोंदवायचं होतं.

अनामिकेवर हिरवा दिवा लागला.
कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले,
चला, वर्षभर आहे मी.
उतरताना सातव्या पायरीवर बसले की नाही
ते मला दिसलं नाही.

चौथ्या दिवशी काही झालं नाही.
प्रिंटर अडकला. निघाला.

पाचव्या दिवशी कॅशमध्ये दहा रुपये निघाले,
जास्त.
जास्त आहेत तर असू देत ना, मी म्हटलं,
आणि तीन माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.
सगळ्या स्लिपा पुन्हा काढल्या.
साहेबांनी बाह्या दुमडल्या, पुंजारामने दुसऱ्यांदा चहा आणला,
खालची दुकानं एकेक करून शटर ओढू लागली.
सात वाजून दहा मिनिटांनी सापडलं,
तीन हजार चारशे सत्तरचे कुणी साठ केले होते.
अक्षर मॅडमचंच.
त्या क्षणभर ते नुसतं बघत राहिल्या,
मग स्वतःच फोन लावला:
ताई, तुमचे दहा रुपये आमच्याकडे राहिलेत, बँकेतून बोलतेय.
पलीकडून आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला,
ओटीपी बिटीपी काही देणार नाही मी!
आणि फोन ठेवला.

साहेब इतके हसले की चष्मा काढावा लागला.
मॅडमनी पुन्हा नंबर फिरवला.
रिंग जात होती, तेवढ्यात माझ्याकडे वळून म्हणाल्या,
अगं, तुझं नाव विचारायचंच राहिलं.

बसमध्ये मी अहवालाचा कागद काढला.
‘काय शिकलात?’ खाली चार रेघा.
कंडक्टरनं सुटे दिले, तीन दहाच्या नोटा,
एक उलटी होती.
ती मी सरळ केली.
रेघा तशाच होत्या, सातपूर आलं तरी.