डावी दाढ

"चहात साखर किती घेता?"
डॉक्टर, तुम्ही विचारलंत तेव्हा
माझ्या तोंडात कापूस होता, आरसा होता,
आणि ती थुंकी ओढणारी नळी.
मी बोट हलवलं, नाही म्हणायला.
तुम्ही लिहिलंत : एक चमचा.

एक नाही हो.
माझ्या चहात साखर नसते. दूधही नसतं.
माझा गूळ गालात असतो.
आता हे नळी लावून कसं सांगावं?

गोळीबार चौकाच्या मागे आमचं घर,
घरात दोन माग. एक बाबूजींचा, एक काकांचा.
कमरेपर्यंत माणूस खड्ड्यात, बाकीचा रेशमावर वाकलेला.
चहा तिथंच यायचा, जर्मनच्या गंजातून,
कोरा, अद्रक ठेचून, जीभ भाजेल असा.
गोड चहाचा एक थेंब ताण्यावर सांडला
तर रात्रीतून मुंग्या, आई म्हणायची,
आणि सकाळी किनारीत गाठी.
म्हणून गोड ते तोंडात, कडू ते कपात.
खळीला कशा नव्हत्या लागत मुंग्या,
हे मात्र विचारायचं राहूनच गेलं.

आणि डावाच गाल का?
उजव्यात बाबूजींची सुपारी असायची.
आम्हा लेकरांना कुठली सुपारी,
पण खडा डावीकडेच.

मग इतवारीच्या पोस्टात एकतीस वर्षं.
ढोमणेबाईंच्या पर्समध्ये सॅकरिनची डबी,
एकेक गोळी त्या अशी टाकायच्या
जशी कुणाच्या तोंडात गंगाजळ.
गेडामसाहेब "शक्कर कम" म्हणून सांगत
आणि तोच कट चहा तीनदा मागवत.
मुश्ताकभाईंना वर मलई तरंगताना दिसली पाहिजे,
नाहीतर ते कप परत पाठवत, पैसे देऊन.
चहावाला पोरगा दारातूनच ओरडायचा,
"म्याडमचं काळं पाणी आलं जी!"
माझा गूळ तिकिटांच्या ड्रॉवरमध्ये, कागदात.
एकदा मुंग्या लागल्या त्या तिकिटांच्या डिंकाला,
नाव आलं माझ्या गुळावर.

हल्ली सून हिरव्या पुड्या बुडवते गरम पाण्यात.
गच्चीवरच्या कुंडीत तिनं एक झाड लावलंय,
पान चघळलं की गोड लागतं म्हणे, आणि शुगर वाढत नाही.
पान चघळते, वरून घोट घेते.
मी म्हटलं, बाई, हे तर आमचंच झालं.
ती हसली. तिला वाटलं, मी टोमणा मारला.

हे सगळं मी मनात जुळवत होते, डॉक्टर,
तुमचं यंत्र दाढेत घरघरत होतं,
आणि तुम्ही सहज म्हणालात,
"गंमत बघा, मागच्याच महिन्यात
हीच दाढ, इथंच भोक, असंच आतल्या अंगाला.
गोळीबार चौकातले एक गृहस्थ. गुलाब पराते.
काही चघळता का म्हटलं, तर बोलेचनात."

मी "आं" केलं.
तुम्हाला वाटलं, दुखलं.
अजून एक सुई दिलीत.

गुलाब माझा धाकटा भाऊ.
माग भंगाराच्या भावात गेले,
त्या दिवसापासून बोलणं नाही. नऊ वर्षं.
लाकूड किती, लोखंड किती, कुणी किती घेतले,
ते सगळं मला आजही तोंडपाठ आहे.
त्याच्या दाढेचं मात्र कुणी कळवलं नाही.

चोवीस तास गरम काही नको, म्हणालात.
सहाच्या सुमारास मी चहा मांडला.
अर्धा चेहरा अजून माझा नव्हता.
सवयीनं खडा डावीकडे गेला
आणि तिथं कुणीच नव्हतं.
गोड कळेना. कडू तेवढं कळलं,
आणि हनुवटीवरून ओघळ आला पदरावर.

खडा जिभेनं उजवीकडे ढकलला.
परक्याच्या ओट्यावर बसल्यासारखा बसला तो.

गुलाब आता कुठल्या गालात धरत असेल?
त्या बाजूला तर त्याची सुपारी असते.