बिछायत

रात्री पावणेतीनला परसोडीच्या ऑफिसातून फोन:
कनेक्शनं संपली. शंभरच्या शंभर बाहेर,
परत एकही नाही.

कूलरच्या घरघरीत मी लॅपटॉप उघडते
आणि मला गोळीबार चौक आठवतो,
पराते बिछायत केंद्र,
टेम्पोतून उतरणाऱ्या खुर्च्या,
कानावर पेन्सिल खोचलेले बाबा.
मोजताना ते कुणाशी बोलत नसत.

न्यायला काय, सगळेच नेतात.
मांडवात मारामारी होवो, लाईन जावो, नवरदेव रुसो,
गाद्या मोजूनच परत यायच्या.
आम्ही त्याला फायनली म्हणतो.

शेवटची गाठ आधी सोड, ते सांगत,
खांब पहिले काढशील तर कापड डोक्यावर येईल.
माझ्या लायब्ररीत तेच झालं होतं मागच्या महिन्यात:
सॉकेट आधी मिटलं,
बफर भरलेला तसाच.

आणि केटररची परात आपल्या टेम्पोत चढली तर?
"काऊन उचलली वं? आपली आहे का ते?
ज्यानं आणली, तो नेईन."
दुसऱ्यानं हातात दिलेली फाईल
मी बंद करून टाकली होती, त्याला न विचारता.

हेडाऊंचा लोकेश एकदा पातेलं देऊन गेला
आणि तासाभरानं पुन्हा आला, रिकाम्या हातानं, घाबरून:
दिलं ना मी?
बाबांनी वही पाहिली. "जमा आहे. जा."
डिस्पोझ दुसऱ्यांदा बोलावलं
तर त्यानं एवढंच बोलावं.

राहिलेल्या सामानामागे
लूनावर फिरायचा दुकानातला डोमाजी.
कधी निघेल, कुठल्या गल्लीपासून, त्यालाच ठाऊक.
डोमाजी आहे म्हणून बाबांनी
मोजणं कधी सोडलं नाही.

साडेचारला सापडतं.
चौऱ्याऐंशीव्या ओळीत घाईनं निघून गेलेलं एक रिटर्न,
मागे दार सताड उघडं.
मी त्याला यूझिंगच्या कुंपणात घेते.
आकडा उतरतो: शंभर, एक्काहत्तर, बारा.

वही आता माझ्याकडे असते.
एका पानावर टिमकीतलं एक घर,
मोठी कढई, नग एक,
जमाच्या रकान्यात बाबांचं बारीक अक्षर:
मागू नये.
लग्न होतं की दुसरं काही,
विचारायचं राहून गेलं.

असं एक वाक्य मला कोडमध्ये लिहिता येत नाही.
लिहिलं तरी
रिव्ह्यूत अडकेल.