दीड माणसाची कॉफी

ओट्यावर जागा सव्वीस सेंटिमीटर.
मोजली मी, शाळेच्या पट्टीनं.
पट्टी ऋजुताची, नावाचं स्टिकर अजून आहे.
डावीकडे पाण्याचा फिल्टर, उजवीकडे मिक्सर,
मधे सव्वीस.
ऑफिसातल्या दस्तूरबाईंनी सांगितलेलं मशीन
एकतीस आहे.
पाच सेंटिमीटरनं इटली हुकली.

शिवाय प्लग. पंधरा अँपिअरचा एकच,
तो गीझरकडे.
घरमालक पिंटो म्हणाले,
करार अकरा महिन्यांचा, भिंत माझी.
खरंच आहे, भिंत त्यांची.
भिंतीपलीकडे पारकरांचं बाळ निजतं
आणि ते मशीन म्हणे रोज सकाळी
घसा खाकरून सुरुवात करतं,
माझ्या वडिलांसारखं.

मग महिनाभर अभ्यास केला.
कांजूरमार्गला रात्री करण्यासारखं दुसरं काय असतं?
फ्रेंच प्रेस: काच.
माझ्या हाती काच टिकत नाही,
हे कोर्टातसुद्धा कुणी नाकारलं नसतं.
कागद ठेवून वरून गोल गोल पाणी ओतायचं:
साडेतीन मिनिटं, अभिषेकासारखी धार.
सकाळी साडेतीन मिनिटं मी नुसता उभा राहिलो
तर विचार करू लागतो.
नको.

मोका पॉट आवडला होता. ठेंगणा, कंबर आवळलेला.
शेगडीच्या जाळीवर डुगडुगला असता, पण ते चाललं असतं.
खोक्यावर लिहिलं होतं, तीन कप.
दुकानातली मुलगी म्हणाली, काका, त्यांचे तीन म्हणजे आपला एक.
तरी ते 'तीन'
मी जरा जास्तच वेळ वाचत राहिलो.

आमच्या घरी कॉफीला पद्धत नव्हती, डबी होती.
चहा सोडलेल्या पाहुण्यासाठी,
नाहीतर माझ्या परीक्षेच्या रात्री.
आई दुधात चमचाभर टाकायची, वर सहाणेवरचं जायफळ,
आणि ते पिऊन
मी अभ्यासाऐवजी गाढ झोपायचो.

शेवटी माटुंगा.
दळणाऱ्या यंत्राच्या आवाजात वेंकटाचलम ओरडून विचारतात,
सत्तर-तीस?
मी ओरडतो, हो.
नंतर कळलं, तीस म्हणजे चिकोरी.
मागे पितळेचे फिल्टर, उतरत्या भाजणीनं.
यंत्र थांबतं, आणि नेमक्या त्या शांततेत ते विचारतात:
घरात माणसं किती?

पोलिसांच्या भाडेकरू-अर्जात लिहिलं होतं मी.
गॅसच्या फॉर्मवरही.
तोंडानं कधी म्हटलं नव्हतं.

दीड.

ते हसले नाहीत.
अर्धं कधी येतं?
शनिवारी.
कॉफी पितं?
चौदाची आहे. नको म्हणते, आणि माझ्या कपातली पिते.
त्यांनी शेवटून दुसरा काढला,
भोकं उजेडाकडे धरून पाहिली, फुंकर मारली.
मोठ्यात थोडी घातली तर पाणी धावत सुटतं, म्हणाले,
लहानात कोंबली तर उतरतच नाही.
दाबायची. पण फार नाही.

पहिल्या दिवशी धावत सुटलं.
दुसऱ्या दिवशी उतरलंच नाही,
डबा हातात धरून मी त्याला टपल्या मारत बसलो.
चौथ्या की पाचव्या रात्री
अंधारात एक थेंब ऐकला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.
प्लग नाही, खाकरणं नाही.
पारकरांचं बाळ मात्र त्या रात्री रडलं.

शनिवारी ती आली, दप्तर कॉटवर फेकलं,
माझ्या कपातून एक घोट, मग आणखी एक.
कडू आहे, म्हणाली, आणि कप ठेवला नाही.
दस्तूर आंटींचं मशीन घेणार होतास ना?
जागा नाही गं, म्हटलं, पट्टीनं मोजली. सव्वीस.

तिनं ओट्याकडे पाहिलं.
बाबा, मिक्सर कोण वापरतं इथे?

मिक्सर हलवता येतो,
हे मला एका महिन्यात
एकदाही सुचलं नव्हतं.