झीज

जालन्याच्या एमआयडीसीत
निकेलच्या टाकीपुढं मी उभी.
पाणी असं हिरवं, की उतरावंसं वाटावं.
उतरलं, तर आठवडाभर खाजवत बसावं लागेल.

आज मुनाफमामूंनी त्यात पांढरी भुकटी सोडली.
डब्यावर लिहिलेलं : कण चाळीस नॅनोमीटर.
"कितने बारीक?"
म्हटलं, केसाच्या जाडीत दोन हजार मावतील.
मामू भिंतीवरच्या चाळणीकडं बघतात
आणि आपले आपणच हसतात.

भुकटीची खोड एकच, एकमेकीला बिलगायचं.
बिलगली की तळाशी बसते,
वर चढतो तो नुसता निकेल,
दिसायला देखणा, कामाला पोचट.
म्हणून ढवळायचं.
लाइट असली तर मोटर, नसली तर फळी,
आंबील ढवळावी तसं, गुठळी होऊ न देता.

पातं सेलूच्या जिनिंगमधलं.
दर हंगामाला येतं, धार गेलेली, कड गोलावलेली.
कापूस लोखंड खातो,
हे माझ्या आईला अजून खरं वाटत नाही.
तिनं आयुष्यभर वेचला.

नव्या थराची चकती यंत्रावर लावली.
वर पोलादी पिन, पिनेवर वजन.
एक किलोमीटरची घसट, जागच्या जागी.
मग काट्यावर :
साध्या निकेलचे नऊ मिलिग्रॅम गेले होते,
हिचा एक. तोही काटा नक्की सांगेना.

साहेबांनी पेढे मागवले.
मी सहज पिन तोलली.
तिचे सात गेले होते.

रिपोर्टात पिनेला रकाना नाही.

आमच्याकडं माणूस गेला की म्हणतात,
बिचारा झिजला हो सगळ्यांसाठी.
चंदनाचं नाव घेतात,
सहाणेचं कुणी काढत नाही.
तिलाही मधोमध खळगा पडलेला असतो.

सुटीच्या वेळी गेटवर मामूंनी अंगठा ठेवला.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पुसून ठेवला. फुंकर मारून ठेवला.
एकतीस वर्षं आम्लात बुडालेला अंगठा
काचेसारखा गुळगुळीत.
वॉचमननं वही काढली, नाव हातानं लिहिलं.
मामू म्हणाले, "देख बेटा, मेरे पे भी कोटिंग चढ गई."

मी हसले. हसायला नको होतं.

रात्री साडेदहाला लाइट गेली.
फळी कोपऱ्यात उभी होती,
मामूंनी धरून धरून
मुठीपाशी बारीक झालेली.
माझा हात तिथं नेमका बसला.