सोमवार ते गुरुवार

पहाटे पावणेचारला लोर्कन गाडी काढतो.
बेलमलेटपासून बॅलिनापर्यंत आम्ही फारसं बोलत नाही;
कुत्र्याचं औषध, सिलिंडर, एवढंच.
मग रेल्वे. साडेतीन तास दलदल, मेंढ्या, पुन्हा दलदल,
आणि नऊच्या आत मी डब्लिनच्या रुग्णालयात
परक्यांचं रक्त काचपट्टीवर पसरत असते.

आधी सगळं करून पाहिलं.
हॉटेलचा दर वाचला आणि एकटीच हसले.
हॉस्टेलमध्ये आठ जणींची खोली,
वरच्या बंकवरची ब्राझीलची पोर
रात्री दोनला आईशी फोनवर भांडायची.
चुलतबहिणीचा सोफा बरा होता,
पण दुसऱ्या महिन्यात तिचा नवरा
माझ्या टूथब्रशकडे बघून गप्प व्हायला लागला.
दोन रात्री तर लॅबमधल्या खुर्चीत काढल्या,
फ्रीजची घरघर ऐकत.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
माझं चाकांच्या बॅगेत, एक चाक तुटकं.

मग काब्रात, मटणाच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली:
खोली. सोमवार ते गुरुवार. शांत बाईला प्राधान्य.

मिसेस अट्रॅक्टा गिलहूली. वय ऐंशीच्या अलीकडे की पलीकडे, कळत नाही.
फ्रीजमधला खालून दुसरा कप्पा तुझा.
आंघोळ सात मिनिटं.
पैसे बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत.
गुरुवारी सकाळी उशी मोकळी हवी,
शनिवार-रविवार माझा भाचा येतो.
तीन रात्रींचे नव्वद युरो.
मी लोर्कनला फोन करून सांगितलं,
लॉटरी लागली.

पलंगावर डाव्या बाजूला एक खळगा होता,
कुणीतरी वर्षानुवर्षं झोपून पाडलेला.
पहिल्याच रात्री मी त्यात अलगद घरंगळले.
मला वाटलं, खोलीने मला ओळखलं.
कपाटाचा एक खण कुलूपबंद,
तो भाच्याचा असणार.

फेब्रुवारीत एका गुरुवारी वादळ आलं.
अ‍ॅथलोनपाशी रुळावर झाड पडलं,
स्टेशनात आम्ही चारशे जण पाटीकडे बघत उभे,
मग पाटीच विझली.
रात्री साडेदहाला मी काब्रात परत आले.
किल्ली होती. वाटलं, भाचा असेल तर
स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहीन.

दिवाणखान्यात सोफ्यावर
घडी घातलेली चादर, चपटी उशी,
उशीखाली जपमाळेचं टोक.
मला आधी काहीच कळलं नाही.
वर माझ्या खोलीचं दार उघडं,
टेबलावर पेल्यात दात,
कुलूपबंद खणातला फोटो बाहेर,
त्यात गुडघ्यापर्यंत पँट दुमडलेला एक माणूस समुद्रात उभा,
आणि पलंगावर, बरोब्बर डाव्या बाजूला,
त्या खळग्यात, जसं शेंगेत बी असतं तसं,
मिसेस गिलहूली.

तिने डोळे उघडले. रागावली नाही, लाजलीही नाही.
दातांशिवायच्या तोंडाने म्हणाली,
आज गुरुवार ना गं?

हो म्हटलं. गाडी नाही.
मग खाली झोप, ती म्हणाली,
आणि कूस बदलली.

खाली झोपले. म्हणजे आडवी झाले.
सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड,
मधली दांडी बरोबर कमरेत.
तिथेही एक खळगा होता,
नवा, अजून नीट न पडलेला.
त्यात पडून मी हिशेब करत राहिले:
नव्वद युरो, तीन रात्री,
सोमवार, मंगळवार, बुधवार,
ऑक्टोबरपासून.

चार दिवस सासूचे, चार सुनेचे म्हणतात.
इथे सासू-सून कोण,
आणि आठवडा तर सातच दिवसांचा.

सोमवारी मी परत गेले. कुठे जाणार?
डब्यात पैसे ठेवले. वीस युरो जास्त ठेवले
तर मंगळवारी ते माझ्या कोटाच्या खिशात सापडले.
भाच्याचा विषय दोघींनी काढला नाही.
आता मी उजव्या कडेला झोपते,
तिथे गादी कडक आहे,
बुधवारपर्यंत खांदा भरून येतो.

परवा चहा ओतताना मी विचारलं,
मान कशी आहे?
तिने किटली खाली ठेवली.
कुणाची? म्हणाली.