तांडेल

दिवा कोळीवाड्यात माझ्या बापाला सगळे नुसतं जोमा म्हणत
आणि कुत्र्याला तांडेल.
पदं अशी उलटी वाटली गेली होती आमच्या घरात,
आणि बापाची हरकत नव्हती.

होडी विकली त्या साली त्यानं एक फळी केली,
सागाची, सात फूट,
पुढचं टोक होडीच्या नाळेसारखं जरा उचललेलं.
ओहोटी लागली की खाडी लांब मागे सरते,
उरतो तो चिखल, उभ्या माणसाला न पेलणारा.
फळीवर एक गुडघा, दुसरा पाय मागे रेटायला,
मधे चिंबोऱ्यांची टोपली,
पुढे दोरी, आणि दोरीच्या पुढे तांडेल,
अंगात माझ्या जुन्या दप्तराचे पट्टे.
एका पट्ट्यावर अजून माझं नाव होतं,
इयत्ता सातवी, ब.

रोहित पक्षी बघायला आलेल्या बोटीतून एका बाईनं विचारलं,
कुठल्या जातीचा आहे हो हा?
बाप म्हणाला, आमच्याच.

तो शूर वगैरे नव्हता, हे आधी सांगते.
फटाके वाजले की मोरीत शिरायचा.
सुके बोंबील चोरायचा, आणि चोरून झाल्यावर
आपणहून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

पौषातली अवस. रात्रीची सुकती.
बापाच्या पोटरीत कालवाची शिंप घुसली,
रेटायचा पाय गेला.
फळीवर पालथा पडून तो म्हणाला, सरळ घे रं,
पुलाच्या दिव्यांवर धर.
सरळ म्हणजे वीस मिनिटं.
पाणी फिरायला तेवढीच बाकी.

तांडेल डावीकडे वळला.
बापानं दोरी ओढली. तो पुन्हा डावीकडे.
बापानं काठी मारली, पाठीवर, दोनदा.
(अजून सांगताना तो दोन बोटं दाखवतो.)
तेव्हा तांडेल चिखलात बसला.
मागे बघितलंसुद्धा नाही,
नुसता बसला,
भाव पटला नाही की बाजारात म्हातारी माणसं बसतात तसा.

भरतीचा आधी आवाज नसतो.
चिखलात बारीक बुडबुडे फुटतात,
भात शिजत आल्यासारखे.
ते चहूकडून सुरू झाले
तेव्हा बापानं दोरी सैल सोडली.
जा. तुझं तू बघ.

तिवरांच्या कडेकडेनं, सगळी वाकडी वाट,
आधी पोटापर्यंत पाणी,
मग पाय लागेना तेव्हा पोहत,
फळी, बाप आणि अर्धी सांडलेली टोपली ओढत
तो दीड वाजता जेट्टीला लागला.
मी मोबाईलची बॅटरी धरून उभी होते.
पट्टे काढले तर बगलेतली कातडी पट्ट्यांबरोबर आली.
बापानं आधी त्याला धुतलं,
पिण्याच्या हंड्यातल्या पाण्यानं,
आणि आई काही बोलली नाही.
शिंप त्यानंतर काढली.

दुसऱ्या दिवशी सुकतीला कळलं,
खांबांच्या कामासाठी यंत्रानं
सरळ वाटेतच चर मारला होता, दोन माणसं खोल.
वरून मात्र तसाच गुळगुळीत चिखल.
बाप बराच वेळ बघत राहिला.
तांडेल शेजारी बसून माशा टिपत होता.

काठी चुलीत गेली.
त्यानंतर निघताना बाप विचारायचा,
कुठशी रं आज?
आणि खरोखर थांबायचा, उत्तरासाठी.

आता तांडेलचे डोळे दुधाळ झालेत.
पट्टे खुंटीला.
टोपली लहान केली आहे बापानं,
फळीवर त्याला जागा व्हावी म्हणून.

माझं ऑफिस ऐरोलीत, नवव्या मजल्यावर.
जेवणाच्या सुट्टीत काचेतून खाडी दिसते,
तिच्यावर एक आडवी रेघ, रेघेवर दोन ठिपके.
मधेच रेघ थांबते.
एवढ्या लांबून दिसत नाही,
पण त्यानं नाक वर केलं असणार.

बराच वेळ कोणीच हलत नाही.
माझा डबा गार होतो.
मग रेघ डावीकडे वळते.