ओहोटीची नोंदवही

रत्नागिरीहून कोल्हापूरपर्यंत एसटी, पुढं महाराष्ट्र एक्स्प्रेस,
आणि वंजारी मॅडमच्या पायांशी
झाकणाला भोकं पाडलेली बादली.
शेजारच्या बाईनं विचारलं म्हणे, लोणचं आहे का.
मॅडम म्हणाल्या, खाडी आहे.

नागपूर स्टेशनवर उतरवून घ्यायला मी.
एप्रिल सरत आलेला, फलाट तव्यासारखा.
"ढोमणे, हळू. हिंदकळू देऊ नका."
सव्वीस वर्षं प्राणिशास्त्राचा लॅब अटेंडंट,
तारामासे, समुद्रकाकड्या, एक माकूळ, सगळे ओळखीचे,
पण बरणीतले, रंग गेलेले, फॉर्मॅलिनच्या वासाचे.
जिता समुद्र हातात पहिल्यांदाच:
साधारण बारा लिटर,
आणि दिसतो त्याहून जड.

आत भाट्याच्या खाडीचा चिखल,
चिखलात बावीस खेकडे, अंगठ्याच्या नखाएवढे.
नराची एक नांगी त्याच्या अंगाहून मोठी.
जेवायला वापरतो ती धाकटी, चमच्यासारखी.
थोरली नुसती हलवायला:
ये, इकडं ये, बीळ खोदून ठेवलंय.
मोरभवनच्या स्टँडसमोर भोजनालयाचा पोऱ्या
गिऱ्हाइकाला बोलावतो, अगदी तसं.

मागच्या खोलीत टब. खिडकीला काळा कागद.
ना चंद्र, ना लाट, ना खारा वारा,
कूलर तेवढा खडखडून राहिला.
मी लाल बल्बखाली स्टुलावर, मांडीवर नोंदवही.

पहिल्या दिवशी बाहेर आले: दुपारी दोन दहा.
दुसऱ्या दिवशी: तीन.
तिसऱ्या दिवशी: तीन पन्नास.
मला वाटलं, माझं घड्याळच गेलं.
तर उईके नावाची एम.एस्सी.ची पोरगी,
तिनं भरतीचं कोष्टक उघडलं, बोट ठेवलं.
रत्नागिरी. ओहोटी.
दोन बारा. दोन अठ्ठावन्न. तीन त्रेपन्न.
कुणीच काही बोललं नाही.
कूलरसुद्धा क्षणभर थांबला असं मला आठवतं,
पण ते खरं नसेल.

म्हणजे इथं, झिरो माइलच्या दगडापासून
सायकलनं दहा मिनिटांवर,
रोज पाणी उतरत होतं
आणि ठाऊक होतं फक्त बावीस जणांना.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "काय पाहून राहिले घड्याळात?"
म्हटलं, "भरती लागली असंल आता."
"कुठी?"
याचं उत्तर मला देता आलं नाही.
तिनं भाकर वाढली, वरण वाढलं,
आणि दुसऱ्या दिवशी न विचारता मीठ कमी टाकलं.

आठव्या दिवशी चौघं चुकले.
नवव्या दिवशी सात, मग कुणी पहाटे, कुणी भलत्याच वेळी,
जो तो आपापल्या ओहोटीला.
मॅडमनी रकान्यात लिहिलं: ताल सुटला.
मग लाइट गेली मे महिन्यातली, पाच तास.
बावीस. नऊ. दोन.
शेवटचा नर दुपारभर नांगी हलवत होता
काळ्या कागदाकडं तोंड करून.

"पाणी कुठं टाकू?"
"सिंकमध्ये टाका, ढोमणे. आता काय."

सिंकमधून नालीत, नालीतून नाग नदीत,
नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला,
तिथं खाली वर्धा येऊन मिळाली की प्राणहिता,
प्राणहिता गोदावरीला, आणि गोदावरी पार
पूर्वेच्या समुद्रात, कांदळवनाच्या मुळांतून.
पश्चिमेची खाडी पूर्वेला निघाली माझ्या हातून,
सोबत आपला फेस, पन्न्या,
दवाखान्यांच्या मागचं काहीबाही.
तिकडंही असतील नखाएवढे,
बिळाच्या तोंडाशी बसून वेळ पाहणारे.
काय येतंय वरून, त्यांना कोष्टकात सापडणार नाही.

बादली पालथी घातली. चिखल वर्तमानपत्रावर काढला.
नोंदवहीत एक ओळ उरली होती, ती मी भरली,
मॅडमना न विचारता:
पाच पस्तीस. उतरलं.